वस्तुमान आणि वारंवारता यांवरून स्प्रिंगची ताठरता कशी काढावी

स्प्रिंग किती ताठ आहे हे ठरवायला दोन गोष्टी मोजाव्या लागतात. एक म्हणजे तिला टांगलेले वस्तुमान आणि दुसरी म्हणजे ते वस्तुमान एका सेकंदात किती वेळा वर-खाली होते तो आकडा, अर्थात वारंवारता. या दोन्हींना जोडणारे सूत्र असे आहे:

ताठरता = ४ × पाय² × वस्तुमान × वारंवारता²

यातील ‘पाय’ म्हणजे ३.१४१६. त्यामुळे ४ × पाय² याची किंमत ३९.४८ येते आणि रोजच्या वापरासाठी सूत्र ‘३९.४८ गुणिले वस्तुमान गुणिले वारंवारतेचा वर्ग’ इतके सोपे होते. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वारंवारता हर्ट्झमध्ये घातली की उत्तर न्यूटन प्रति मीटर या एककात मिळते. वारंवारतेऐवजी दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, मोजला असेल तर ३९.४८ गुणिले वस्तुमान या गुणाकाराला दोलनकालाच्या वर्गाने भागावे. दोन्ही रूपे एकच आहेत, कारण वारंवारता म्हणजे दोलनकालाचा व्यस्त.

सूत्र एका ओळीत मावते आणि म्हणूनच त्यात आकडे घालून मोकळे होण्याची घाई होते. खरी मेहनत आकडेमोडीत नसून ‘वस्तुमान’ या शब्दाखाली नेमके काय काय मोजायचे हे ठरवण्यात आणि वेळ नीट मोजण्यात आहे. पुढील विवेचनाचा मोठा भाग त्यामुळे या दोन गोष्टींना दिला आहे.

सूत्र कोठून येते

स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात ती मागे ओढते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी शोधला. १६७६ मध्ये त्यांनी तो आधी अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. या नियमानुसार ताठरता म्हणजे स्प्रिंग एक मीटर ताणण्यासाठी लागणारे बल. टांगलेली वस्तू मध्यस्थितीपासून जितकी दूर जाईल तितक्या जोराने ती मध्याकडे ओढली जाते, ती मध्यावर पोहोचते तेव्हा तिचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे ती तेथे न थांबता पलीकडे जाते आणि पुन्हा मागे ओढली जाते. न्यूटनचा दुसरा नियम या बलाला लावला की दोलनांचा कोनीय वेग म्हणजे ताठरता भागिले वस्तुमान याचे वर्गमूळ असे मिळते. कोनीय वेग हा वारंवारतेच्या २ × पाय पट असतो. दोन्ही बाजूंचा वर्ग करून मांडणी बदलली की वरचे सूत्र हाती येते.

या मांडणीत गुरुत्व त्वरण कोठेही येत नाही, ही गोष्ट मला या पद्धतीतील सर्वांत मोलाची वाटते. उभ्या टांगलेल्या स्प्रिंगवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम एवढाच होतो की मध्यस्थिती थोडी खाली सरकते. त्या नव्या मध्याभोवती होणाऱ्या दोलनांचा वेग तोच राहतो. वजन टांगून ताण मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत मात्र गुरुत्व त्वरणाची स्थानिक किंमत घ्यावी लागते. ती महाराष्ट्रात ९.८१ नसून ९.७८ ते ९.७९ च्या आसपास आहे. दोलनपद्धतीला ही चिंता नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या स्कायलॅब या प्रयोगशाळेत अंतराळवीरांचे वस्तुमान मोजण्यासाठी हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरले होते. त्यासाठी विल्यम थॉर्नटन यांनी स्प्रिंगवर झुलणारी एक खुर्ची विकसित केली होती आणि तिच्या स्प्रिंगची ताठरता आधीच माहीत होती. खुर्चीत अंतराळवीर बसला की दोलनकाल मोजून त्याचे वस्तुमान काढले जाई, कारण वजनरहित अवस्थेत साधा काटा काहीच दाखवत नाही.

मांडणी

प्रयोगशाळेतील नेहमीच्या बोटभर जाडीच्या स्प्रिंगसाठी लोखंडी स्टँड, हँगर (वजने अडकवण्याचा आकडा), खाचेची वजने, एक ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि स्टॉपवॉच एवढे साहित्य पुरते. स्टँड टेबलाच्या कडेला शिकंज्याने घट्ट आवळावा. स्टँडचा आडवा दांडा दोलनांबरोबर थोडाही लवत असेल, तर तो दांडा आणि स्प्रिंग या एकामागोमाग जोडलेल्या दोन स्प्रिंगा होतात, आणि अशा जोडणीची ताठरता एकट्या स्प्रिंगपेक्षा नेहमीच कमी असते. दांडा हलतो की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे दोलने चालू असताना दांड्याच्या टोकावर बोट हलकेच टेकवून ठेवणे. बोटाला धक्के जाणवले तर दांडा आखूड करावा किंवा स्प्रिंग खांबाजवळ सरकवून टांगावी.

वजनांवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये. जुन्या वजनांवर गंज चढलेला असतो किंवा त्यांचे कोपरे झिजलेले असतात, त्यामुळे हँगरसकट प्रत्येक वजन काट्यावर मोजून घ्यावे. हँगरचे वस्तुमान धरायचे राहून जाणे ही फार नेहमीची चूक आहे. ‘पन्नास ग्रॅमची चार वजने लावली’ असे म्हणताना पाचवे पन्नास ग्रॅम हँगरचेच आहेत हे लक्षातून निसटते. स्प्रिंगही त्याच काट्यावर मोजून ठेवावी, तो आकडा पुढे लागणार आहे.

काही स्प्रिंगा अशा वळलेल्या असतात की मोकळ्या अवस्थेत त्यांचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटून राहतात. अशा स्प्रिंगला सुरुवातीचे थोडे बल वेढे सुटण्यासाठीच लागते आणि त्यानंतरच हूकचा नियम लागू होतो. म्हणून टांगलेले वस्तुमान इतके असावे की स्थिर अवस्थेत सगळे वेढे एकमेकांपासून सुटलेले दिसतील. दोलन चालू असताना वस्तू वरच्या टोकाला गेली तरी वेढे भिडता कामा नयेत. वेढे भिडले तर बारीक टकटक ऐकू येते, आणि ती ऐकू आली की ते वाचन टाकून द्यावे व कमी आयामाने, म्हणजे वस्तू मध्यापासून कमी अंतर ओढून, पुन्हा सुरुवात करावी.

वेळ कशी मोजावी

वस्तू हाताने दोन-तीन सेंटीमीटर सरळ खाली ओढून, धक्का न देता सोडावी. पहिली दोन-चार दोलने तशीच जाऊ द्यावीत, म्हणजे सोडताना आलेला आडवा हेलकावा दिसून येईल. हेलकावा मोठा असेल तर वस्तू थांबवून पुन्हा सोडावी.

मोजणी कोठून सुरू करावी याविषयी पुष्कळांचा समज उलटा असतो. वस्तू सर्वांत वर किंवा सर्वांत खाली असते तेव्हा ती क्षणभर थांबल्यासारखी दिसते, म्हणून तेथे घड्याळ दाबणे सोपे वाटते. परंतु तेथे तिचा वेग जवळजवळ शून्य असल्यामुळे ‘नेमका तोच क्षण’ डोळ्याला पकडता येत नाही. मध्यस्थितीतून जाताना वस्तू सर्वांत वेगाने जाते, त्यामुळे ती तेथून गेल्याचा क्षण धारदार असतो. हँगरच्या बुडाच्या उंचीवर, स्थिर अवस्थेत, मागे कागदावर एक आडवी रेघ ओढावी आणि हँगरचे बूड खाली जाताना त्या रेघेवरून गेले की घड्याळ सुरू करावे. रेघ आणि डोळा एका पातळीत असावेत.

घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणावे, ‘एक’ नव्हे. त्यानंतर हँगर दर वेळी खाली जाताना रेघ ओलांडील तेव्हा एक, दोन, तीन असे मोजावे आणि विसाव्या मोजणीला घड्याळ थांबवावे. सुरुवातीलाच ‘एक’ म्हटले तर ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच दोलने झालेली असतात. या एका अंकाने ताठरता सुमारे ११ टक्क्यांनी जास्त येते. रेघ वर जाताना ओलांडली तेही मोजले गेले तर चूक याहून मोठी होते. त्या वेळी वारंवारता दुप्पट आणि वारंवारतेच्या वर्गामुळे ताठरता चौपट येते. उत्तर अपेक्षेच्या बरोबर चौपट आले, तर पहिला संशय याच जागेवर घ्यावा.

वीस दोलने कशासाठी, तेही पाहावे. हाताने घड्याळ दाबण्यात एका वाचनाला साधारण ०.१ सेकंदाची अनिश्चितता धरणे रास्त आहे. दोलनकाल ०.८३ सेकंद असेल आणि एकच दोलन मोजले, तर ती अनिश्चितता १२ टक्के होते आणि ताठरतेत वर्गामुळे ती दुप्पट होऊन २४ टक्क्यांवर जाते. वीस दोलनांना १६.६ सेकंद लागतात, तेव्हा तीच ०.१ सेकंदाची अनिश्चितता वेळेत ०.६ टक्के आणि ताठरतेत १.२ टक्के एवढीच उरते. तेच मोजमाप पाच वेळा करून सरासरी घेतली की ती आणखी निम्म्याच्या आसपास येते. मोजमापाच्या दोन बाजूंपैकी वेळेची बाजू दुप्पट नाजूक आहे, ही गोष्ट सूत्रातील वर्ग आपल्याला आधीच सांगत असतो. वस्तुमानात एक टक्का चूक झाली तर ताठरतेत एक टक्का, पण वेळेत एक टक्का चूक झाली तर ताठरतेत दोन टक्के.

मोबाइल हाताशी असेल तर हे काम अधिक अचूक होते. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मंदगती चित्रीकरणात दोन चित्रांमधील अंतर सुमारे ०.००४ सेकंद असते आणि रेघ ओलांडण्याचे चित्र एकेक करून शोधता येते. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठात तयार झालेल्या फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये तर स्प्रिंगसाठी स्वतंत्र प्रयोगच दिलेला आहे. मोबाइल पिशवीत घालून स्प्रिंगला टांगला की त्यातील त्वरणमापक स्वतःच दोलनकाल आणि वारंवारता दाखवतो. अर्थात त्या वेळी मोबाइल, त्याचे कव्हर आणि पिशवी या सर्वांचे मिळून वस्तुमान धरावे लागते.

स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान

आता मुख्य अडचणीकडे येऊ. समजा एका स्प्रिंगचे वस्तुमान ३० ग्रॅम आहे. तिला हँगरसकट २०० ग्रॅम टांगले आणि वीस दोलनांना १६.६२ सेकंद लागले. दोलनकाल ०.८३१ सेकंद, म्हणून वारंवारता १.२०३ हर्ट्झ. सूत्रात थेट किंमती घातल्या तर ३९.४८ × ०.२०० × १.२०३² म्हणजे ११.४३ न्यूटन प्रति मीटर. उत्तर व्यवस्थित दिसते. पण त्याच स्प्रिंगला १०० ग्रॅम टांगून वीस दोलनांचा वेळ १२.०३ सेकंद मिळाला, तर ताठरता १०.९१ येते, आणि ५०० ग्रॅम टांगून २५.९१ सेकंद मिळाले, तर ती ११.७६ येते. स्प्रिंग तीच आहे, हात तोच आहे, तरी टांगलेले वस्तुमान वाढेल तशी ताठरता वाढत जाताना दिसते. हातून होणारी चूक कधी वर, कधी खाली अशी विखुरलेली असते. हे आकडे एकाच दिशेने सरकत आहेत, म्हणून येथे काहीतरी मोजायचे राहून गेले आहे.

राहून गेले आहे ते स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान. दोलनांत फक्त वजनेच हलत नाहीत, स्प्रिंगचे वेढेही हलतात. वरचा वेढा जवळजवळ स्थिर असतो, सर्वांत खालचा वजनाइतकाच वेगाने जातो आणि मधले आपापल्या जागेच्या प्रमाणात कमी-अधिक वेगाने जातात. सर्व वेढ्यांची गतिज ऊर्जा मिळवली तर ती, स्प्रिंगच्या एक तृतीयांश वस्तुमानाचा तुकडा खालच्या टोकाला लावला असता त्याची जेवढी होईल, तेवढीच भरते. वेग लांबीच्या प्रमाणात वाढतो, ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते आणि शून्यापासून एकापर्यंत वर्गांची सरासरी एक तृतीयांश असते, म्हणून हा अपूर्णांक येतो. ऊर्जेच्या हिशोबाने वारंवारता काढण्याची ही रीत लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखली जाते.

म्हणून सूत्रातील वस्तुमान म्हणजे टांगलेले वस्तुमान अधिक स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग. वरील उदाहरणात ३० ग्रॅमचा तिसरा भाग १० ग्रॅम होतो. ०.२०० च्या जागी ०.२१० घातल्यावर ताठरता १२.०० न्यूटन प्रति मीटर येते. १०० आणि ५०० ग्रॅमच्या वाचनांतही हेच दहा ग्रॅम मिळवले की दोन्हीकडे उत्तर १२.० येते आणि मघाचे सरकणे नाहीसे होते.

हा एक तृतीयांश मात्र सर्व परिस्थितीत खरा नाही. टांगलेले वस्तुमान स्प्रिंगच्या काही पट मोठे असेल आणि स्प्रिंग वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची व सारख्या वेढ्यांची असेल, तरच तो लागू पडतो. स्प्रिंगला काहीच न टांगता ती नुसतीच दोलायमान केली, तर परिणामी वस्तुमान तिच्या ०.४०५ पट असते. शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगसाठी अपूर्णांक आणखी वेगळा येतो. म्हणून टांगलेले वस्तुमान स्प्रिंगच्या पाचपट तरी असावे, असा दंडक मी पाळण्यास सांगेन.

अपूर्णांकावर विसंबायचे नसेल तर

याहून चांगला मार्ग असा आहे की स्प्रिंगचे वस्तुमान किती धरायचे हा प्रश्नच उद्भवू नये. दोन वेगवेगळी वस्तुमाने टांगून दोन दोलनकाल मोजावेत आणि पुढील सूत्र वापरावे:

ताठरता = ३९.४८ × (दुसरे वस्तुमान − पहिले वस्तुमान) ÷ (दुसऱ्या दोलनकालाचा वर्ग − पहिल्या दोलनकालाचा वर्ग)

स्प्रिंगचा जो काही वाटा दोन्ही मोजमापांत सारखा असतो तो वजाबाकीत निघून जातो. हँगरचे वस्तुमान माहीत नसले तरीही चालते, कारण तेही दोन्हीकडे तेच असते. २०० ग्रॅमला ०.८३१ सेकंद आणि ४०० ग्रॅमला १.१६१५ सेकंद असे दोलनकाल घेतले, तर वर्ग अनुक्रमे ०.६९०६ आणि १.३४९१ येतात, त्यांतील फरक ०.६५८५ होतो, आणि ३९.४८ × ०.२०० ÷ ०.६५८५ याचे उत्तर ११.९९ मिळते. अणुबल सूक्ष्मदर्शकातील, म्हणजे बारीक पट्टीच्या टोकाने पृष्ठभाग चाचपून त्याचे चित्र काढणाऱ्या उपकरणातील, केसाहून बारीक पट्टीची ताठरता ठरवण्यासाठी जे. पी. क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हीच युक्ती वापरली. पट्टीच्या टोकाला टंगस्टनचे सूक्ष्म गोळे चिकटवायचे, वारंवारता किती उतरली ते पाहायचे आणि त्यावरून ताठरता काढायची, अशी ती पद्धत आहे. तेथेही पट्टीचे स्वतःचे वस्तुमान वेगळे माहीत असण्याची गरज उरत नाही.

दोनाऐवजी पाच वस्तुमाने घेऊन आलेख काढणे सर्वांत उत्तम. आडव्या अक्षावर टांगलेले वस्तुमान आणि उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग घ्यावा. आपल्या उदाहरणातील आकडे असे मांडता येतील:

१०० ग्रॅम: वीस दोलने १२.०३ सेकंद, दोलनकालाचा वर्ग ०.३६२
२०० ग्रॅम: १६.६२ सेकंद, वर्ग ०.६९१
३०० ग्रॅम: २०.२० सेकंद, वर्ग १.०२०
४०० ग्रॅम: २३.२३ सेकंद, वर्ग १.३४९
५०० ग्रॅम: २५.९१ सेकंद, वर्ग १.६७८

हे बिंदू एका सरळ रेषेवर पडतात. रेषेचा चढ ३.२९ सेकंदवर्ग प्रति किलोग्रॅम आहे आणि ३९.४८ ला ३.२९ ने भागले की १२.० न्यूटन प्रति मीटर मिळते. रेषा आरंभबिंदूतून जात नाही, ती उभ्या अक्षाला ०.०३३ च्या जवळ छेदते. हा अंतःखंड म्हणजे आकडेमोडीतील दोष समजून रेषा ओढूनताणून शून्यातून नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. रेषा डावीकडे वाढवली तर ती आडव्या अक्षाला उणे १० ग्रॅमच्या जवळ छेदते, आणि हेच ते स्प्रिंगच्या वस्तुमानाचे एक तृतीयांश आहे. म्हणजे एकाच आलेखातून ताठरता मिळते आणि स्प्रिंगच्या वाट्याची पडताळणीही होते. काट्यावर मोजलेले स्प्रिंगचे वस्तुमान आणि या छेदबिंदूच्या अंतराची तिप्पट यांचा मेळ बसला, तर मोजमाप विश्वासाचे आहे असे समजावे. एखादाच बिंदू रेषेबाहेर पडला तर त्या वाचनात दोलने मोजताना चूक झालेली असण्याचा संभव अधिक, आणि बिंदूंची रांगच वळलेली दिसली तर वेढे भिडत आहेत किंवा स्प्रिंग तिच्या मर्यादेपलीकडे ताणली गेली आहे.

स्थिर पद्धतीने ताळा पाहायचा असेल तर स्प्रिंगला आधी १०० ग्रॅम टांगून हँगरच्या बुडाची जागा टिपावी आणि मग आणखी २०० ग्रॅम चढवावे. १२ न्यूटन प्रति मीटर ताठरतेची स्प्रिंग ०.२०० × ९.७८ ÷ १२, म्हणजे १६.३ सेंटीमीटर खाली यायला हवी.

बिघडवणाऱ्या काही गोष्टी

कधीकधी सरळ वर-खाली सुरू झालेली हालचाल थोड्या वेळाने आपोआप बाजूच्या हेलकाव्यात बदलते, मग पुन्हा वर-खाली होऊ लागते, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपण वस्तू वाकडी सोडली. यामागे निश्चित कारण आहे. टांगलेली स्प्रिंग हा एक लोलकही असतो, आणि वर-खाली होण्याची वारंवारता लोलकाच्या वारंवारतेच्या दुप्पट झाली की ऊर्जा एकीतून दुसरीत वाहू लागते. हे केव्हा घडेल ते आधीच ओळखता येते. टांगण्याच्या जागेपासून वस्तूच्या मध्यापर्यंतची एकूण लांबी ही वजनामुळे आलेल्या ताणाच्या सुमारे चौपट असेल, तर धोका आहे. १२ न्यूटन प्रति मीटर ताठरतेच्या स्प्रिंगला २०० ग्रॅम टांगल्यावर ताण १६.३ सेंटीमीटर येतो, तेव्हा एकूण लांबी ६५ सेंटीमीटरच्या जवळपास असल्यास वस्तुमान बदलावे किंवा स्प्रिंग वर दोरीने टांगलेली असेल तर दोरीची लांबी बदलावी.

हवेचा रोध आणि धातूतील अंतर्गत घर्षण यांमुळे दोलने हळूहळू मंदावतात, आणि त्यामुळे वारंवारताही किंचित उतरते. प्रयोगशाळेतील स्प्रिंगसाठी ही काळजी अनाठायी आहे. दहा दोलनांत आयाम निम्म्यावर आला तरी ताठरतेत येणारा फरक ०.०१ टक्क्याच्या आसपास असतो. आयाम कमी होत जातो म्हणून वेळ बदलत नाही, कारण हूकचा नियम पाळणाऱ्या स्प्रिंगचा दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो.

एककांच्या बाबतीत तीन ठिकाणी थांबून पाहावे. वस्तुमान ग्रॅममध्येच राहिले तर उत्तर हजारपट येते. यंत्रांच्या संदर्भात वारंवारता ‘मिनिटाला इतके फेरे’ अशी दिलेली असेल तर तिला आधी ६० ने भागावे. आणि एखाद्या उपकरणाने कोनीय वेग रेडियन प्रति सेकंद या एककात दिला असेल, तर त्यात २ × पाय आधीच मिसळलेले असते. तेथे ३९.४८ ने न गुणता नुसता वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग एवढाच हिशोब करावा. आपल्या उदाहरणात कोनीय वेग ७.५६ आहे आणि ०.२१० × ७.५६² हेही १२.० च येते.

गाडी आणि यंत्र

हेच सूत्र गॅरेजमध्ये आणि कारखान्यातही लागते, फक्त तेथे ‘वस्तुमान’ या शब्दाचा अर्थ आणखी काळजीने लावावा लागतो. समजा मोटारीच्या पुढच्या एका चाकावर गाडीचा ३०० किलोग्रॅम भार आहे (यात चाक, ब्रेक आणि धुरा धरायचे नाहीत, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतात) आणि गाडीची दोलने रोखणारा शॉकअप काढून गाडीचा तो कोपरा दाबून सोडल्यावर तो सेकंदाला १.२ वेळा वर-खाली होतो. ३९.४८ × ३०० × १.२² म्हणजे सुमारे १७,०५० न्यूटन प्रति मीटर, अर्थात मिलिमीटरला १७ न्यूटन. पण ही स्प्रिंगची ताठरता नव्हे. टायर आणि स्प्रिंग एकामागोमाग जोडलेले असतात. टायरची ताठरता मिलिमीटरला २०० न्यूटन धरली तर टायर वगळून चाकापाशी जाणवणारी ताठरता १८.६ निघते. शिवाय स्प्रिंग चाकाच्या बरोबर वर नसून चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मवर आत बसवलेली असते. चाक १० मिलिमीटर उचलले असता स्प्रिंग ७ मिलिमीटरच दाबली जात असेल, तर १८.६ ला ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागावे लागते. तेव्हा कोठे स्प्रिंगची खरी ताठरता मिलिमीटरला ३८ न्यूटन असल्याचे कळते. शॉकअप जागेवर ठेवूनच मोजले आणि त्याचे अवमंदन (दोलने मंदावण्याची क्षमता) क्रांतिक अवमंदनाच्या, म्हणजे दोलने मुळीच होऊ न देणाऱ्या किमान अवमंदनाच्या, ३० टक्के असले, तर मोजलेल्या वारंवारतेवरून काढलेली ताठरता ९ टक्क्यांनी कमी येते. प्रयोगशाळेत ज्याकडे दुर्लक्ष केले तेच येथे दुर्लक्षून चालत नाही.

यंत्राखालच्या रबरी पॅडचा हिशोब त्या मानाने सरळ आहे. चार पॅडवर उभे असलेले ८० किलोग्रॅमचे यंत्र बंद अवस्थेत लाकडी हातोड्याने हलके ठोकून त्याचे वर-खाली कंपन मोजले आणि वारंवारता ६ हर्ट्झ आली, तर चारही पॅडची मिळून ताठरता ३९.४८ × ८० × ३६, म्हणजे सुमारे १,१३,७०० न्यूटन प्रति मीटर येते. पॅड शेजारी शेजारी असल्याने त्यांच्या ताठरतांची बेरीज होते, म्हणून भार चारही पॅडवर सारखा असेल तर एका पॅडच्या वाट्याला सुमारे २८,४०० येतात. येथे स्थिर पद्धतीने, म्हणजे पॅडवर वजन ठेवून आणि दबलेपणा मोजून काढलेली ताठरता याहून कमी भरते. त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही. रबर हळू दाबले असता जेवढे ताठ असते त्यापेक्षा कंपनात अधिक ताठ असते. यंत्राचे कंपन जमिनीत किती उतरेल हे ठरवायचे असेल तर वारंवारतेवरून काढलेला आकडाच वापरावा, आणि नोंदवहीत त्याच्यासमोर तो कोणत्या वारंवारतेला व किती भाराखाली मोजला हे लिहून ठेवावे.